काकीच्या गोळ्यांची पाकिटं

आमच्या काकीला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण औषधाचं पाकीट हातात द्यायचा अवकाश, नुसतं बोट फिरवून ती कुठली गोळी ते सांगायची. गोळ्या तीन प्रकारच्या. प्रेशरची ती 'चवळी', कारण पाकिटावर बारीक गोल फुगे. साखरेची ती 'काजू', तिचे फुगे लांबट. आणि छातीची ती 'पदरवाली'. तिला प्लास्टिकचे फुगेच नाहीत. दोन्ही बाजूंनी जाड चंदेरी कागद आणि मध्ये गोळीचा नुसता उंचवटा. ॲल्युमिनियम फॉइल हा शब्द काकीने जन्मात उच्चारला नाही. तिच्या लेखी ती चांदी.

मसुऱ्याच्या घरात ती एकटी राहायची. काका गेलेले, मुलगा विजय मुंबईला, आणि मी पुतण्या मालवणात नोकरीला. दर रविवारी औषधं आणि बांगडे घेऊन मी हजर. औषधांआधी बांगड्यांची तपासणी व्हायची. एकदा मी शिळे खपवायला गेलो, तर पिशवी उघडायच्या आत म्हणाली, "बाबल्या, माका दिसणा नाय म्हणान वासय येणा नाय असा वाटला काय रे तुका?"

डोळे गेले तेव्हा विजय तिला न्यायलाच आला होता. काकी ओसरीवर बसली, तिन्ही पाकिटं मांडीवर घेतली आणि म्हणाली, "विजू, घाल बघया एकात एक." विजयने पत्ते पिसावेत तशी ती पिसली. काकीने न चुकता वेगळी करून त्याच्या हातात दिली. मग तह झाला. "जोपर्यंत हात वळखतत, तोपर्यंत मी हयच ऱ्हवतलंय. ज्या दिवशी कळाचा नाय, त्या दिवशी मीच तुका सांगान. तू इचारू नको."

विजय आला तसा एकटाच परत गेला. त्यानंतर रोज सकाळी त्याचा फोन यायचा आणि काकी फोनपाशी पाकीट धरून गोळी फोडायची. चांदी फाटल्याचा 'टच्' असा आवाज मुंबईला पोचला की मायलेकांचं बोलणं संपलं. मी एकदा म्हटलं, "काकी, झिलाकडे इतक्याच बोलतंस?" तर म्हणते, "गोळी बोलली मां? मी आणखी काय बोलू?"

या सुरळीत कारभारात मी एकदा माझी अक्कल घातली. गोव्याला गेलो होतो, तिथून वारांची नावं छापलेली गोळ्यांची एक देखणी डबी आणली. आंधळ्या बाईला वारांची नावं वाचता येणार नाहीत, हा विचार माझ्यासारख्या हुशार माणसाला शिवला नाही. सगळी पाकिटं फोडून गोळ्या खणांत भरल्या, स्वतःला अर्धा डॉक्टर समजलो आणि घरी आलो. दिवस आषाढाचे. आमच्याकडे त्या दिवसांत काडेपेटीसुद्धा चुलीपाशी उबेला ठेवावी लागते. पुढच्या रविवारी गेलो तर काकीने डबी माझ्या पुढ्यात आदळली. पदरवाल्या गोळ्या दमट हवेने फुगून, विरघळून एकमेकींना चिकटल्या होत्या. "शिरा पडली तुझ्या शहाणपणार! गोळ्यांचा पिठला करून ठेवलंस. तुझ्यापेक्षा त्या चांदीक अक्कल जास्त. पावसाक आत येवक देणा नाय." तरी तिने विजयला काही सांगितलं नाही. शेजारच्या पोराकरवी नवीन पाकिटं आणून ती मोकळी झाली होती. डबीत पुढे लवंगा राहिल्या.

मग एका रविवारी मी पोचलो तर काकी पाकिटं मांडीवर घेऊन बसली होती. बांगड्यांचं नावही काढलं नाही. "बाबल्या, कंपनीन पाकिटां बदलल्यान रे. चवळी नि काजू सारखेच लागतत."

मी तावातावाने बाजारातल्या मेडिकलवर गेलो. पुरावा म्हणून जुनं रिकामं पाकीट खिशात. चार गिऱ्हाइकांसमोर दुकानदाराला सुनावलं, कंपन्या मनाला येईल ते करतात, तुम्ही सांगत नाही, म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं वगैरे. त्याने शांतपणे माझं जुनं पाकीट आणि त्याच्याकडचं नवं शेजारी शेजारी ठेवलं. "भाऊ, डोळे मिटा आणि बोट फिरवन बघा."

फिरवलं. कणाचाही फरक नव्हता.

गिऱ्हाइकं गेल्यावर त्याने हळू आवाजात विचारलं, "काकींक साखर किती वर्सां आसा?" जुन्या साखरेने बोटांची टोकं बधिर होत जातात, हे त्याने सांगितलं तेव्हा मला तिच्या बोटांवरचे तव्याचे डाग आठवले. गेले काही महिने ते दिसत होते, आणि 'भाजलं कधी' म्हणून विचारलं की ती म्हणायची, "खंय भाजलंय?"

परत जाऊन मी तिला सांगितलं, "हो काकी, बदललीच पाकिटां कंपनीन." काकी म्हणाली, "तुका खोटा बोलाक कधी जमला नाय रे."

मग मी एका पाकिटाला रबर लावायचं सुचवलं, दोऱ्याच्या गाठी सुचवल्या, शेजारची सून रोज येऊन गोळी देईल असंही म्हटलं. ती हसली. "आज रबर कळात, उद्या तोय कळाचो नाय. आणि दुसऱ्याच्या हातानच खावची तर मगे झिलाच्या हातान खाईन. फोन लाव विजूक."

"विजू, ये नि माका घेवन जा," ती म्हणाली. "नाय रे, बरी आसंय. हात वळखणत नाय आता." इतकी वर्षं 'चल, चल' म्हणणारा विजय पलीकडून पळवाटा शोधू लागला. आई, पावसानंतर बघूया. आई, कोणी बाई मिळते का बघूया. "मी बोललंय मां तुका?" एवढंच म्हणून काकीने फोन माझ्याकडे दिला.

मुंबईत तिने फार दिवस काढले नाहीत. सून गुणी, वेळच्या वेळी गोळी सोडवून तळहातावर ठेवायची. मी फोन केला की काकी सांगायची, "सगळा बरा आसा रे. फक्त दिवस खंय सुरू होता, ताच कळणा नाय." पुढे छातीनेच ती गेली. मी पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं.

मला मात्र ती आठवते ती मसुऱ्याहून निघाली त्या सकाळची. पिशव्या गाडीत गेल्या होत्या. काकीने ओसरीचा खांब चाचपला, आणि मग त्याला गाल टेकवून उभी राहिली. "हातांक कळणा नाय, पण गालाक अजून कळता," म्हणाली. दाराशी आली, सवयीने कडी ओढली, जरा वेळ खटपट केली आणि सोडून दिली.

"तू लाव रे. माका लागली काय नाय ती कळाची नाय."

मी लावली.

"लागली?"

"लागली, काकी."

"हलवन बघ."

हलवून पाहिली.

"आणखी एकदा."

विजय गाडीशी आमच्याकडे पाठ करून उभा होता. मी कडी पुन्हा हलवली, मुद्दाम जोरात, तिला ऐकू जाईल अशी.