दारातल्या बापाचा चेहरा

लग्नाचे हॉल बांधणाऱ्यांचं फोटोवाल्यांशी काय वैर असतं कोण जाणे. आमच्या भंडारा जिल्ह्यातले बहुतेक हॉल मी आतून पाहिलेत. स्टेजवर पिवळे हॅलोजन, मधे पांढऱ्या ट्यूबलाइट, छतात एखादा निळा प्लास्टिकचा पत्रा आणि समोर हे एवढं मोठं दार, त्यातून वैशाखाचं ऊन थेट आत घुसलेलं. डोळ्यांना हे सगळं एकदम दिसतं, कॅमेऱ्याला दिसत नाही. आतली माणसं नीट घ्यावीत तर दार पांढरं फटक होतं. बाहेरचं ऊन सांभाळावं तर आतली माणसं कोळसा. हे इतक्या जणांना समजावून झालंय की आता मी समजावत नाही. गुडघे दुखतात, मान दुखते आणि जेवायला बसलं की कोणीतरी हाक मारतंच.

मागच्या उन्हाळ्यात पवनीहून आंधळगावला एका लग्नासाठी गेलो होतो. बौद्ध पद्धतीचं, दिवसाचं लग्न. नवरी पांढरी साडी नेसून तयार होती. तिनं मला बाजूला बोलावलं आणि मोठ्या बहिणीच्या लग्नाचा अल्बम पुढे केला.

"काका, यात आमचे बाबा दाखवा बरं."

मी शोधलं. सापडले, पण दारात हात जोडून उभी एक काळी आकृती म्हणून. पुढच्या पानावरही तसेच. चेहरा कुठेच नाही.

"मी पुण्याले चालली," ती म्हणाली. "मले बाबांचा चेहरा पायजे, माझ्यासंग. बाकी फोटो कसेही येऊ द्या."

तो अल्बम माझ्या हातचा नव्हता, तरी तो काढणाऱ्याला मी नावं ठेवली नाहीत. आमच्याकडे मुलीचा बाप लग्नभर दारातच असतो. येईल त्याला हात जोडायचे, हाताला धरून आत आणायचं, जेवल्याशिवाय जाऊ नका म्हणायचं. तोंड रस्त्याकडे, पाठ हॉलकडे. आतून काढलं तर नुसती काळी पाठ. बाहेरून काढलं तर चेहरा उजळ, पण मागचा हॉल अंधारलेला आणि त्यात मुलगी कुठे आहे ते शोधा.

सोपा उपाय एकच, बापाला स्टेजवर आणायचं. पंचशील झालं, हार झाले, तसं मुलीनं स्वतःच निरोप पाठवला. बाप घाम पुसत, अवघडून वर आला. मी फ्लॅश जुळवतोय तोच दारात गलका झाला. नवरीचे बपेरा गावचे थोरले मामा नेमके तेव्हाच आले होते आणि त्यांना दारात घ्यायला कोणी नव्हतं. एवढा मानाचा पाहुणा, तो उलट्या पावली रस्त्यावर. बाप स्टेजवरून तसाच धावला. लिंबाखाली मामांची समजूत काढणं चाललं ते पहिली पंगत उठेपर्यंत. मामा शेवटी जेवायला बसले, पण बापानं मला हात जोडले.

"भाऊ, आता मले बोलावू नका. पाव्हणे येऊनच राहिले. माझ्या फोटोचं काय, पोरीचा चांगला काढा म्हंजे झालं."

मुलीनं मान खाली घातली. मला त्या माणसाचा संतापच आला. मामा काय, पुढच्या लग्नातही रुसेल. ही पोर पुन्हा नवरी होणार आहे का? फ्लॅश उचलला आणि दाराकडे वळलो.

मग दुपारभर त्या दाराशी झटापट चालली. फ्लॅश लांब धरून पाहिला. वर छताकडे मारला, तर निळ्या पत्र्यावरून उजेड परत येऊन सगळे पाहुणे निळे. बापाच्या तोंडावर उजेड पडावा तर मधे कोणाचं तरी डोकं, नाहीतर तोच कोणाच्या तरी पाया पडायला वाकलेला. बॅटऱ्या उतरल्या. मीही संपलो. खुर्ची ओढून भिंतीला टेकलो आणि ठरवलं, नाही जमलं म्हणून सांगून टाकू.

बिदाईची वेळ झाली तेव्हा ऊन समोरच्या गोदामामागे गेलं होतं. बाहेर सावली, आत ट्यूबलाइट, दोन्हीकडचा उजेड सारखा. दिवसभर ज्याच्यासाठी जीव आटवला ते आपोआप झालं होतं. आता येणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून बापही पहिल्यांदाच आत तोंड करून उभा होता. मुलगी त्याच्याकडे चालत आली. मी कॅमेरा उचलला आणि त्याच क्षणी बापानं खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर घेतला. घट्ट दाबून धरला. खांदे हलायला लागले.

मला वाटलं, आपणही इथंच खाली बसून रडावं. इतका चांगला उजेड आणि चेहरा झाकलेला. रडणाऱ्या माणसाला दुपट्टा काढा म्हणायचं कसं?

मुलगी म्हणू शकत होती. तिनं दोन्ही हातांनी दुपट्टा खाली ओढला.

"बाबा, झाकू नका ना. तुमचा चेहरा मले संग न्याचा हाये."

तो तसाच उभा राहिला, डोळे लाल, नाक वाहतंय, चारचौघांत पार लाजलेला. तोंड पुसायला त्याचा हात वर गेला आणि तिच्यासाठी त्यानं तो तसाच खाली सोडला. मी बटण दाबलं.