सहीची राहून गेलेली जागा

परवा पंचवटीच्या सिग्नलला रिक्षाशेजारी मळीचा टँकर येऊन थांबला आणि त्या आंबूस-गोड वासानं मला माझी सगळ्यात मोठी हुशारी आठवली. प्रदूषण खात्यातली नोकरी सोडून मी तेव्हा नुकती खासगी वकिली सुरू केली होती. कोट नवा, मान त्याहून ताठ. अशील म्हणजे मळीपासून दारू गाळणारा कारखाना. त्याच्या सांडपाण्यानं शेजारच्या बाईची विहीर नासली, म्हणून खात्यानं पाण्याचा नमुना घेऊन केस केली होती. पण नमुना घेतल्याच्या नोटिशीवर, ती मिळाल्याची कारखान्याची सही नव्हती. कशी असेल? त्या छापील फॉर्ममध्ये सहीला जागा ठेवायला खात्यात असताना मीच विसरले होते! तेवढ्यावर बोट ठेवून मी केस उडवून लावली. खात्यातला जुना सहकारी पुटपुटला, "मॅडम, फॉर्म तुमचाच आहे हो." मी चक्क हसले. बाहेर विहिरीची मालकीण उभी होती. "बाई, निकाल लागला म्हनं. आता पानी सुधरंल ना?" एरवी कुणाला तोंड उघडू न देणारी मी नुसतं "हो" म्हणाले आणि गाडीत बसले. आता नातवंडांना दटावते, खोटं बोललात तर कान उपटीन; आणि ती बिचारी घाबरतातही.