कवचदादाने आईसाठी शिवलेली पिशवी
कवचदादा हे नाव त्याला धंद्याने दिलं. आधी त्याने नळाला लावायची लोहचुंबकं विकली, मग गुडघेदुखीचे पट्टे. दोन्ही बुडाले. शेवटी लोकांची फोनच्या लहरींची भीती त्याच्या हाती लागली, आणि भीतीला काय, गिऱ्हाईक कधी कमी पडत नाही. फोन ठेवायला तो लहरी अडवणाऱ्या म्हणून चंदेरी कापडाच्या पिशव्या विकायचा. पिशवीचं तोंड उघडं असल्याने आतला फोन खुशाल वाजायचा आणि मूर्ख लोक खूश व्हायचे. स्वतःचा फोन मात्र दिवसभर याच्या कानाला!

धाकटी बहीण उपकरणांच्या तपासणी केंद्रात होती. डोक्याच्या आकाराच्या साच्यात द्रव भरायचा, फोन टेकवायचा आणि आत किती ऊर्जा मुरते ते मोजायचं, हे तिचं काम. दादाच्या धंद्याची तिला शिसारी यायची.

आई एकटी राहायची आणि हल्ली तिचा तोल जायचा, म्हणून धाकटीने तिच्या गळ्यात मदतीचं बटण घातलं. ते दाबलं की खोलीतल्या डबीला इशारा जायचा आणि धाकटीचा फोन वाजायचा.

बटणाचं माहितीपत्रक वाचून दादा उखडला. "शक्ती अत्यल्प असल्याने चाचणीतून सूट! म्हणजे तपासलंच नाही? आणि हे तू आईच्या छातीवर लटकवलंस?"

"अरे शहाण्या, ते मर्यादेच्या जवळपासही जात नाही म्हणून सूट. आणि मर्यादाच मुळी अपायाच्या कितीतरी खाली ठेवलेली असते. शिवाय दाबल्याशिवाय ते लहरी सोडतच नाही."

"सूट कशी मिळवतात ते कळतं आम्हाला."

पालथ्या घड्यावर पाणी! धाकटीची पाठ वळताच त्याने आईसाठी खास पिशवी शिवून घेतली. दुहेरी कापड, चारी बाजू बंद, बटण आत. कापडावरून ते दाबता येतं एवढं त्याने पाहिलं. डबीला इशारा पोचतो का, हे पाहायला अक्कल लागते. जन्मात पहिल्यांदा त्याचा माल खरोखर चालला.

आई न्हाणीघरात घसरली. तिने बटण दाबलं, दाबतच राहिली. दुपारी धाकटी जेवणाचा डबा घेऊन आली तेव्हा ती ओल्या फरशीवर कुडकुडत पडली होती. मांडीचं हाड मोडलं होतं.

इस्पितळात धाकटीने पिशवी दादाच्या अंगावर फेकली. "नालायका, आई गेली असती आज!"

"पण लहरी अडल्या की नाही?" दादा म्हणाला. मेल्याला लाज म्हणून नाही!

"नको गं त्याला बोलू," आई पडल्या पडल्या म्हणाली. "मायेने केलं त्याने."

"आई, आता तरी बटण नुसतं घाल. माझी शपथ आहे तुला."

आईने दादाच्या उतरलेल्या तोंडाकडे पाहिलं.

"घालीन. पण पिशवीतच. नाहीतर त्याला वाईट वाटेल."

दादाचा चेहरा खुलला. धाकटी मात्र तोंड फिरवून ढसाढसा रडली.