मौनीबाबांचा फ्रेंच टोस्ट

कारखान्यात त्यांना सगळे मौनीबाबा म्हणत. सारी नोकरी वेल्डिंगचा मुखवटा चढवून ठिणग्यांसमोर गेली. तिथे बोलायचं कुणाशी? आणि घरी बोलायची वेळच यायची नाही. बायको दोघांच्या वाटचं बोलायची. शेजारणीचं भांडण, महागलेली भाजी, मुलीचे लाड, सगळं तिच्या तोंडून ऐकत ते निवांत जेवायचे.

निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत तिला अर्धांगवायूचा झटका आला. पाय हळूहळू सावरला, उजवा हात अधू राहिला आणि बोलणं पार गेलं. समजायचं सगळं, पण तोंडातून नुसतं "अं... अं..." निघायचं. मग ती चिडून भिंतीकडे तोंड फिरवायची. घर इतकं गप्प झालं, की फ्रिजची घरघरसुद्धा अंगावर यायची.

"त्यांच्याशी सारखं बोलत राहा," उपचारासाठी घरी येणाऱ्या बाईंनी बजावलं. "काहीही बोला, पण त्यांच्या आवडीचं."

मौनीबाबांनी मुलीला फोन लावला. ती दुसऱ्या शहरात वाचनालयात कामाला होती.

"अगं, आईशी बोलू तरी काय? मला एक विषय सुचेल तर शपथ!"

"बाबा, रविवारी तिला फ्रेंच टोस्ट लागायचा ना? तो करा. हात चालू लागले की तोंडही चालेल. विषय मी पुरवते."

रविवारी त्यांनी बायकोला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं. अंडी फोडली, त्यात दूध, साखर, चिमूटभर मीठ आणि दालचिनीची पूड फेटली. मग भाषणाला उभं राहिल्यासारखा घसा खाकरला.

"ऐकलंस का? हा टोस्ट मुळात फ्रेंच नाहीच म्हणे. फार फार पूर्वी रोमन लोक पाव दुधात भिजवून तळायचे आणि वर मध ओतायचे. फ्रेंच लोक त्याला म्हणतात, 'वाया गेलेला पाव'."

बोलण्याच्या नादात पाव दुधातच राहिला. उचलायला जातात तो लगदा! दुसरा तुकडा भडकलेल्या गॅसवरच्या तव्यात पडला. वरून कोळसा, आतून कच्चा. बायकोने कपाळाला हात लावला. डावा.

पुढच्या रविवारी त्यांनी बेकरीतून मुद्दाम वाफाळता, लुसलुशीत पाव आणला. तो पाहताच बायको टेबलावर हात आपटू लागली.

"काय झालं? पाणी हवंय?"

तिने जोरजोरात मान हलवली. चेहरा लालबुंद झाला. "शि... शि..."

"शिट्टी? अगं, कुकर लावलेलाच नाही."

"शि... शिळा!"

त्यांच्या हातातलं अंडं फरशीवर फुटलं. तिकडे लक्षही न देता ते तिच्यासमोर मटकन बसले.

"शिळा! खरंच की! ताजा पाव विरघळणारच. अगं, म्हणून तर वाया गेलेला पाव! मीच तुला सांगतोय आणि मीच वाफाळता घेऊन येतोय!"

ती हसली. तोंड एका बाजूला वाकडं झालं, पण हसू अगदी पूर्वीचं होतं. यांना मात्र डोळे पुसायला फडकं शोधावं लागलं.

दुसऱ्या दिवशी तोच पाव, मंद आच आणि थोडं लोणी. टोस्ट सोनेरी उतरला आणि तिने डाव्या हाताने दोन संपवले. त्यानंतर शब्द येत गेले, बहुतेक ओरडण्याचेच. "बारीक!" "उलटा!" "जळेल!" उपचाराच्या बाई म्हणाल्या, ओरडतायत हे फार चांगलं लक्षण आहे.

सुट्टीत मुलगी घरी आली. आई काठी टेकत ओट्याशी उभी होती, बाबा पाव उलटत होते. मुलीचं खाणं झालं, तसा आईने आणखी एक टोस्ट तिच्या ताटलीत सरकवला.

"आई, पोट भरलं गं."

आईने श्वास घेतला, एकेक शब्द जुळवला. "वाळलीस... किती. खा... गुपचूप."

मुलीने मान खाली घातली आणि तो टोस्ट शेवटच्या घासापर्यंत खाल्ला.