बरण्यांवरची आगगाडी

आमच्या घरात वेडाचा वाटा इकडे, म्हणजे आमच्या यजमानांकडे, जरा जास्तच आला होता. तारऑफिसातली नोकरी, कल्याण स्टेशनाजवळ दोन खोल्यांचं घर, वेळेवर वरणभात. माणसाला आणखी काय हवं? पण स्वारीला हवी होती कोळशावाचून चालणारी आगगाडी. तारेच्या यंत्राला वीज पुरवते त्याच बॅटरीवर उद्या इंजिन धावेल, असं जेवताना सांगत बसायचं आणि आमटी गार करायची. मी म्हणे, "आधी जवळच्या खडवलीपर्यंत तरी जाऊ द्या, मग काशीचं बघू."

तारऑफिसाने टाकून दिलेल्या काचेच्या बरण्या मागून आणल्या होत्या. प्रत्येकीत तांब्याचा पत्रा, जस्ताचा दांडा आणि मोरचुदाचं निळंशार पाणी. त्या बरण्यांतून तारा माजघरात जात, आणि पत्र्याच्या पट्ट्यांच्या रुळांवर वीतभर लांबीची गाडी उभी असे. कधी ती धावे, कधी रुसून बसे. रुसण्यात ती घरच्या माणसांवरच गेली होती.

थोरले भाऊजी ठाण्याला कचेरीत होते. त्यांना हे खपेना. तारऑफिसात राहून धाकट्याचं डोकं फिरलं, असं त्यांचं ठाम मत. त्यांचा निरोप आला, "दसऱ्याला येतो. गाडी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली तर ठीक, नाहीतर ती नोकरी सोडून माझ्याबरोबर ठाण्याला यायचं, कारकुनीला." मामंजींच्या माघारी त्यांचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती. त्या दिवसापासून इकडचं जेवताना बोलणं बंद झालं. आमटी गरम गरम संपू लागली, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी स्वारी भाऊजींना आणायला स्टेशनावर गेली. मी स्वयंपाकात बुडालेले. सासूबाईंचा रोजचा नेम असा, की कालचं शिळं पाणी ओतायचं, भांडी घासायची आणि ताजं भरायचं. सणाला तर विचारूच नका.

भाऊजी येऊन पाटावर बसले. स्वारी बरण्यांकडे वळली आणि तिथेच थबकली. पाण्यात निळेपणाचा टिपूसही नव्हता.

"आई, यातलं पाणी?"

"परसात ओतलं. सणासुदीला घरात शिळं पाणी ठेवतात का रे? राखेने घासून आडाचं ताजं भरलंय. मूठभर मीठही टाकलंय, नाहीतर बुरशी धरते बरणीला."

मोरचुदाचा खडाही घरात उरला नव्हता आणि बाजार बंद. स्वारीने तशाच तारा जोडल्या. गाडी जरा थरथरली आणि जागच्या जागी बसली.

"झालं ना समाधान?" भाऊजी उपरणं सावरत उठले. "सामान बांध. संध्याकाळच्या गाडीने निघू."

इकडचा चेहरा मला बघवेना. दाराआड उभी होते, हातातली पळी तशीच. फार वाईट वाटलं.

आजवर त्या गाडीला कधी हात न लावलेल्या सासूबाई पुढे आल्या, वाकल्या आणि तिला मागून बोटाने ढकललं. गाडी निघाली. रमतगमत निघाली, पण बोट सुटल्यावरही चालत राहिली. मिठाच्या पाण्यातही थोडी वीज होती म्हणायची. जाऊन समोरच्या भिंतीला टेकली.

"तू ढकललीस, आई," भाऊजी म्हणाले.

"मग? कसाऱ्याच्या घाटात मागून दुसरं इंजिन लावतात, म्हणून गाडी नाशकाला पोचलीच नाही म्हणतोस का? आणि तुझंही पहिलं पाऊल मीच बोट धरून टाकवलं होतं. आता कचेरीत बोट धरायला येते का मी?"

भाऊजी उपरणं बाजूला ठेवून गुडघ्यांवर बसले, गाडी वळवली आणि आपल्या बोटाने हलकेच ढकलली. ती पुन्हा निघाली.

संध्याकाळच्या गाडीने ते एकटेच ठाण्याला गेले. आणि आमच्याकडे आमटी पुन्हा गार होऊ लागली.