जाड दाताची चाके

वालीवच्या औद्योगिक वसाहतीत इनेझ डाबरेला ‘चायनावाल्या बाई’ म्हणत. हे नाव तपासून पाहिले तर टिकणारे नव्हते. चीनला ती कधी गेली नव्हती, आणि मुळात हा धंदाही तिचा नव्हता. तो तिचा नवरा रोनाल्ड याचा. बाजारात न मिळणारा एखादा सुटा भाग कोणा कारखानदाराला हवा असला, की रोनाल्ड तो चीनमधल्या कारखान्याकडून बनवून आणून देई. इंग्रजीतला पत्रव्यवहार तेवढा इनेझ पाही, भुईगावच्या घरी, जेवणाच्या टेबलावर बसून.

तिकडून प्रश्न येत. कड गोल हवी की धारदार, भोक आरपार की अर्धे. रोनाल्ड घरबसल्या उत्तर देत नसे. स्कूटर काढून तो वालीवला जाई, ज्याचा माल असेल त्याच्या शेडमध्ये बसे, चहा घेई, मूळ यंत्र उघडायला लावी, आणि परत येऊन म्हणे, “हां, आता लिही.” इनेझला हा वेळ फुकट वाटे, आणि ती तसे बोलूनही दाखवी.

ईस्टरनंतर रोनाल्ड झोपेतच गेला. इनेझ रडली नाही. गावाने तिला धीराची बाई ठरवले, पण त्याला आधार नव्हता. तिला धीर आला नव्हता. काहीच आले नव्हते. चर्चमधल्या महिन्याच्या मिस्सेनंतर, त्याच्यासाठीच्या प्रार्थनेनंतर, तिने पाहुण्यांना चहा दिला, कपबश्या विसळल्या आणि लॅपटॉप उघडला. साचलेल्या प्रश्नांना उत्तरे दिली.

त्यांतला एक प्रश्न आत्माराम राऊतांच्या चाकांचा होता. आत्माराम हा रोनाल्डचा सर्वांत जुना ग्राहक. कळंब-अर्नाळ्याच्या मच्छीमारांना लागणारी बर्फ फोडण्याची यंत्रे तो बनवी. त्यांतल्या दातेरी चाकाचे नकाशे मूळ कंपनीबरोबरच नाहीसे झाले होते, म्हणून चालत्या यंत्रातले जुने चाक काढून नमुना म्हणून पाठवले होते. तिकडच्या कारखान्यात निर्यातीचे काम पाहणाऱ्या लिनने विचारले होते : एक दात इतरांपेक्षा जाड आहे; तसाच ठेवायचा, की सगळे सारखे करायचे? इनेझने लिहिले, नमुन्याप्रमाणे करावे. मग तिने भात टाकला.

जुलैत माल आला आणि आत्मारामने तिला शेडवर बोलावून घेतले.

“या वहिनी. नुसतं ऐका.” त्याने नव्या यंत्राचे चाक हाताने फिरवले. खट्. पुन्हा फिरवले. खट्. “दर फेरीला अडतंय. सगळ्या चाकांना तीच बोंब.”

खोकी उघडणारी भागूबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. “मी शेटना आदीच बोललेली. चायनाचा माल! माज्या नातवाची मोटार दिवाली सरायच्या आत मोडली.”

“तुज्या नातवाला कोनी इचारलं?” आत्मारामने तिच्याच बोलीत तिला चिडवले आणि तो इनेझकडे वळला. “एक ऑगस्टला बोटी समुद्रात जाणार. तोवर यंत्रं द्यायचा शब्द दिलाय मी. त्या लोकांना चांगलं फैलावर घ्या वहिनी. रोनाल्ड असता तर त्या पोरीला फोनवर रडवली असती.”

रोनाल्डने कोणाला रडवल्याचे इनेझला आठवत नव्हते. तिला एवढेच कळत होते, की आता काही करण्याची गरज नाही. दोष आधीच चीनला जाऊन चिकटला होता. मान डोलावली की काम संपले. लिनचा प्रश्न इथे कोणी पाहिला नव्हता. आत्माराम तुटला तर मात्र चार दिवसांत सगळी वसाहत तुटणार होती.

“भाऊ,” ती म्हणाली, “जुन्या चाकाचा एक दात जाड होता का?”

आत्माराम थबकला. मग कपाळावर हात मारून हसला. “होता ना! तुटलेला. मीच वेल्डिंगने भरला, कानशीने घासला. जुन्या यंत्रात तो बसून गेलेला. आणि पाठवताना वरून लाल रंग मारला. परदेशी जायचंय म्हटल्यावर जोड दिसलेला बरा नाही.” त्याचे हसू ओसरले. “पण त्या शहाण्यांनी विचारायला नको?”

“विचारलं होतं.”

“कोणाला?”

“मला. मी तुम्हाला विचारलंच नाही. नमुन्यासारखं करा, म्हणून कळवलं.”



“अगो बाय माजे,” भागूबाई हलकेच म्हणाली. “चायनावर ढकलून मोकलं व्हायचं ना! कोन बगायला येनार होता?”

आत्मारामने एक चाक उचलले, जाड दातावरून अंगठा फिरवला, खाली ठेवले. “घासून घेऊ. हातानं घासावे लागतील, पण होतील.” मग, तिच्याकडे न पाहता, “वहिनी, त्या पोरीचा नंबर द्या.”

मध्यस्थाकडे स्वतःचे असे एवढेच असते. रोनाल्डने तो नंबर सख्ख्या भावालाही दिला नव्हता. इनेझने फोनमध्ये पाहून एकेक आकडा सांगितला. आत्मारामने तो खडूने शटरवर लिहिला.

“राग मानू नका. पुढचा प्रश्न माझ्याकडे यायला हवा.”

“राग नाही,” ती म्हणाली. म्हटल्यावर तिने मनात शोधून पाहिले. खरोखरच नव्हता. दुसरेही काही नव्हते.

रिक्षा रेल्वेच्या पुलावर अडकली असताना लिनचा संदेश आला. राऊत नावाच्या गृहस्थांनी संपर्क केला आहे. ते तुमचे ग्राहक ना? त्यांच्याशी थेट व्यवहार करावा, की तुमच्यामार्फत?

“थेट,” इनेझने लिहिले. रिक्षा भुईगावच्या रस्त्याला लागेपर्यंत तिने फोन हातातच धरला होता. लिनने आणखी काही विचारले नाही.