आखितीचा पाट

आधी सुंदराआक्काचं नाव घेतो, मग बाकीचं. तिनं खटपट केली नसती तर मला ही बातमी पावसाळ्यात कधीतरी कुणाच्या तोंडून कळली असती, आणि नंतर जे कळलं ते तर कधीच कळलं नसतं. आक्का पिंगळीला दिलेली. घर ठेसनापासून हाकेवर. शिमगा झाल्यावर तिची आई, अनसामाय गेली. माती करून परत आल्यावर आक्का रोज गाडीच्या वेळेला पदर घेऊन फलाटावर उभी राहायची आणि खिडकीखिडकीला विचारायची, कुणी हैदराबादेला चाललंय का. शेवटी खरबुजाच्या टोपल्या घेऊन निघालेला एक बागवान भेटला. त्या भल्या माणसानं आधी माल विकला, मग विचारत विचारत आमचा बर्फाचा कारखाना गाठला आणि दारातनंच म्हणाला, "परभणीकडचा बिरू कोण हाय? अनसामाय गेली म्हून सांगायला लावलंय पिंगळीच्या आक्कानं."

माझ्या हातात लादी ओढायचा आकडा होता, तो तसाच राहिला. मिस्त्री शेजारीच होते. माणूस वाईट नाही. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "कौन लगती तेरी?" आई म्हणावं तर आई गावाकडं धडधाकट आहे. मावशी, आत्या, काकू... यातलं एकही खरं नाही. जातसुद्धा एक नाही. मिस्त्री म्हणाले, कोणी लागतच नसेल तर ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर मालकाकडं सुट्टी कशी मागू. मी बरं म्हटलं आणि लादी ओढायला लागलो. मी त्या बाईचा कोण होतो, हे मला तेव्हा सांगता आलं नाही, आणि आज लिहायला बसलोय तरी नीट सांगता येईल असं वाटत नाही. चौथीच्या पुढं धड न शिकलेल्या माणसाचं हे लिहिणं आहे, मागचं पुढं झालं तर वाचणारांनी सांभाळून घ्यावं.

आम्ही मेंढरंवाले. उन्हाळा लागला की वडील मेंढरं घेऊन गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठानं सोनपेठच्या बाजूला उतरायचे आणि कुणबी लोकांच्या मोकळ्या रानात कळप बसवायचे. रानाला खत, आम्हाला दाणे. अनसामायच्या रानात आमचा मुक्काम लांबायचा, कारण तिथं विहीर होती आणि बांधाला आंब्याची झाडं होती. प्रत्येक झाडाला नाव. एक गोटी, एक खोबऱ्या, एक केळ्या, आणि एक शेप्या, ज्याच्या फळाला शेपूच्या भाजीचा वास यायचा. दुपारी सगळी मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून त्या सावलीत उभी राहायची, आणि आम्ही पोरं त्यांच्या मधोमध लोळायचो. कैरीला मीठ लावून खायची, दात आंबले की गंगेवर जायचं, वाळूत हातभर खड्डा करायचा, पाणी निवळेपर्यंत पालथं पडून बघत राहायचं, आणि मग तोंड लावून प्यायचं. रात्री अनसामायच्या घराच्या माळवदावर झोपायला मिळायचं. आता दिवसभर बर्फात हात घालून असतो, पण त्या वाळूतल्या पाण्याचा गारवा काही वेगळाच होता... की मीच तो वाढवून सांगतोय, कुणास ठाऊक.

आंबा मात्र आखितीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, तोंडाला लावायचा नाही. आमच्याकडं आखितीला गेलेल्या माणसांच्या नावानं मातीची भांडी पाण्यानं भरतात, पुरुषाला करा, बाईला केळी, आणि त्यावर आंबा ठेवतात. गेलेल्याच्या वयाचं एखादं माणूस बोलावून, पाटावर बसवून जेवू घालतात. त्याला पित्तर म्हणायचं. पितरांनी आंबा चाखला की मग घरच्यांनी. तोवर आतल्या अंधाऱ्या खोलीत गवताच्या आढीत आंबे पिकत असायचे, वास दारापर्यंत यायचा, आणि आम्ही येरझाऱ्या घालायचो. झाडाखाली पिकून पडलेला पाड सापडला की तो तिथंच संपवावा असं वाटायचं. पण अनसामाय दारातच हनुवटी धरायची, "तोंड दाव," म्हणायची आणि वास घ्यायची. "दूध प्यायलो," मी म्हणायचो. "आरं वा, तुज्या बापाच्या मेंढ्या शेपू खाऊन दूध द्यायलेत का काय?" सुंदराआक्का मागं उभी राहून पदरात तोंड घालून हसायची.

आक्काचा धाकटा भाऊ किसन माझ्या वयाचा. एका उन्हाळ्यात आम्ही बरोबर लोळलो, पुढच्या उन्हाळ्यात तो नव्हता. पावसाळ्यात पटकीनं गेला होता. मला वाटतं मी तेव्हा फार रडलो नाही, नुसता त्याच्या जागेकडं बघत बसलो. आखितीच्या आदल्या दिवशी अनसामाय आमच्या पालावर आली आणि वडिलांना म्हणाली की उद्या बिरूला पित्तर सांगितलंय. यावर तिच्या घरात बरीच वादावादी झाली. एवढ्याशा लेकराचं पित्तर घालत नसतात, असं तिचे दीर नाना म्हणाले, आणि घालायचंच तर धनगराचं पोर कशाला. ती म्हणाली, किसनच्या उंचीचं दुसरं दाखवा. आमच्या पालावरही शांतता नव्हती. माझी आई रात्रभर करवादत होती की माझं जितं पोर मेलेल्याच्या पाटावर का बसवता. वडिलांनी तिला गप्प केलं. सकाळी तिनं माझ्या तळपायाला काजळाचं बोट लावलं आणि पाठवलं.

मला यातलं काही समजलं नव्हतं. मला एवढंच समजलं होतं की सगळ्यांच्या आधी आंबा मला मिळणार आहे. पाट मांडलेला, भोवती रांगोळी, ताटात पुरणपोळी, कुरडई आणि वाटीभर रस. अनसामाय समोर बसून वाढत राहिली. शेवटी तिनं विचारलं, "प्वाट भरलं का?" आणि मी म्हणालो, "भरलं." तिनं पुन्हा विचारलं, "खरंच भरलं?" तेव्हा मात्र मी नुसती मान हलवली, कारण तिचं बघणं माझ्या तोंडाकडं नव्हतं, थोडं मागं, भिंतीकडं होतं... मग उठलो आणि अंगणात आलो. आक्का कोयी फोडून बसली होती. आतली ओली बी चिमटीत धरून दाबली की सुळकन उडते, आणि जिकडं पडेल तिकडं सासुरवाडी. आक्कानं माझ्या नावानं उडवली ती पार गोठ्यापलीकडं गेली. "लय लांबची बायकू करतंय हे," ती म्हणाली. आतून अनसामाय म्हणाली, लांब बिंब काही नको, पुन्हा उडव.

मग दर आखितीला माझा पाट ठरलेला. एके वर्षी मृगाला मेंढरं परत फिरायच्या वेळी तिनं वडिलांना सांगितलं की पोराला माझ्यापाशी ठेवा, शाळेत घालते. वडील राजी झाले. चौथीपर्यंत गावातच मराठीत शिकलो. ती पहाटे भाकरी करून द्यायची, माझी पाटी स्वतः पुसायची, आणि शेजारणींना सांगायची की आमचा पोरगा वाचतो. आमचा म्हणजे कोण, हे मला तेव्हाही पडलेलं कोडं. कारण कधी कधी भाकरी वाढता वाढता ती माझ्याकडं बघून "किसन" म्हणायची, जीभ चावायची, आणि मी ऐकलंच नाही असं करायचो. पुढची शाळा सोनपेठला आणि सगळी सरकारी भाषेत, उर्दूत. मास्तर वाईट नव्हते, पण ती अक्षरं माझ्या डोक्यात उलटी शिरायची आणि उलटीच बाहेर पडायची. वर्ष पुरं व्हायच्या आत मी शाळा सोडली. अनसामायला सांगितलं. ती "बरं," म्हणाली आणि चुलीकडं वळली.

त्याच उन्हाळ्यात चुलत्यानं मला हैदराबादेला न्यायचं ठरवलं. निघण्याआधी आखिती आली. उन्हाळा लागल्यावर मी आमच्या पालावर परतलो होतो, तिथून नेहमीसारखा अंघोळ करून गेलो. किसनचा करा भरलेला होता, आंबा ठेवलेला होता, आणि पाट नव्हता. मी इकडं तिकडं बघितलं, तर अनसामाय म्हणाली, "बिरू, आता पाट न्हाई मांडायचा. तू हितं आमच्या पंगतीत बस." बसलो. रस तोच, पोळी तीच. मला वाटलं, किसन असता तर शिकला असता. मी शिकलो नाही, म्हणून आज त्याच्या जागेवरून उठवलं. त्या दिवशी तिनं पोट भरलं का हेसुद्धा विचारलं नाही. हाच विचार घेऊन गाडीत बसलो. नंतर गावी येणंजाणं झालं, ती गूळ-शेंगा बांधून द्यायची, चेहऱ्यावरून हात फिरवायची, पण मी कधी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. तिचं ते जीव लावणं खरं की पाट काढून घेणं खरं, हे मला कधी उलगडलं नाही.

तेव्हा कसं मागू म्हणालेल्या मिस्त्रींनीच पुढं मालकाची समजूत घालून यंदा आखितीपुरती सुट्टी मिळवून दिली. पिंगळीला उतरून आक्काला घेतलं आणि तिच्या बैलगाडीतून गावी गेलो. जाताना मी तिला सगळं बोलून दाखवलं, शाळेचं, पाटाचं. आक्कानं कासरा आखडला. गाडी थांबवून माझ्याकडं वळली.

"येड्या, तो पाट मायनं कुऱ्हाडीनं फोडला," ती म्हणाली. "आखितीच्या आदल्या दिशी. चुलीत घातला. नाना बोंबलायला लागले तर म्हनली, पोरगं परमुलखात चाललंय, जित्या लेकराला मेलेल्याच्या पाटावर बसवून वाटंला लावू का? किसनला पानी पुरंल."

बैल चालायला लागले. आक्का खरं सांगत होती की माझं मन राखत होती, मला अजून ठरवता येत नाही. आणि खरं असेल तर आणखीच गुंता. म्हणजे ज्या वर्षी मला वाटलं तिनं मला उठवलं, त्या वर्षी तिनं उठवलं ते किसनला. मग आधीची सगळी वर्षं मी कुणाच्या पोटानं जेवलो? आणि किसनचं काय, त्याचं ताट माझ्यामुळं बंद झालं का? हे कुणाला विचारावं, तेही कळत नाही.

घरी नानांनी अनसामायच्या नावाची मातीची केळी आणून ठेवली होती. भरायचा मान पुतण्याचा, म्हणजे नानांच्या मुलाचा, यात काही वाद नव्हता. आक्का म्हणाली, पाणी त्यानं भरावं, वरचा आंबा बिरू ठेवील. नानांनी माझ्याकडं बघितलं. म्हातारे झालेत, आवाजात पूर्वीची धार नाही. म्हणाले, "ठिवू दे. पर आंबा ठिवताना नातं बोलावं लागतंय. काय म्हून ठिवतूस?"

पुन्हा तोच प्रश्न. कारखान्यात मिस्त्रींनी विचारलेला. मी आंबा हातात धरून उभा, सगळं घर माझ्या तोंडाकडं बघतंय. तेव्हा आक्का पुढं झाली, माझ्या मनगटाला हात लावला आणि नानांकडं न बघता केळीकडं बघून म्हणाली, "माय, माजा भाऊ आलाय."

मी आंबा ठेवला. नातं बोलायला मला पुन्हा कुणी लावलं नाही.

परतताना पिंगळीला तिला सोडलं. गाडीला वेळ होता. आक्का सहज बोलल्यासारखं बोलली की आता गावाकडं कशाला जाणं होतंय, आई होती तोवर आखितीला माहेर होतं. यंदा तुझ्या निमित्तानं पाय लागले. मग लगेच विषय बदलून माझ्या हाताला पडलेल्या भेगांना तेल लाव म्हणाली. मी हैदराबादेला चौघांबरोबर एका खोलीत राहतो, निजायला भिंतीकडची जागा आहे तेवढी. तिथं बहिणीला कसं न्यायचं, ते आज मला माहीत नाही. काम टिकेल का, तेही माहीत नाही. पण कधीतरी माझं स्वतःचं दार होईल. त्या वर्षी आखितीच्या आदल्या दिवशी मी मुराळी म्हणून, तिला न्यायला, पिंगळीला उतरेन, आणि आक्का शेजारणींना सांगून निघेल की माहेरी चाललेय.